अर्ध्या घोड्यासाठी

हौशी : इंजिनात हवा नेणारं इनटेक मॅनिफोल्ड हातात घ्या, त्याच्या नळीत बोट घाला आणि मग बोला. बाहेरून ओतीव ॲल्युमिनियम बरं दिसतं. आत मात्र बोटाला वाळूचा खरखरीतपणा लागतो, मध्येच एक उभी शिवण लागते, आणि हेडला जिथे ते बसतं तिथे कुठे अर्ध्या, कुठे एका मिलिमीटरचा उंबरठा लागतो. कंपनीच्या इंजिनिअरांनी वर्षानुवर्षं डोकं लावून ते आखलं असेल, पण ओतकाम ते ओतकामच. कोल्हापूरजवळ शिरोलीला नाहीतर गोकुळ शिरगावला एखाद्या फाउंड्रीत उभे राहा. नळीची पोकळी तयार होते ती वाळूच्या कोअरमुळे. ती कोअर साच्यात बसवताना जराशी सरकली की एका अंगाची भिंत जाड होते, दुसऱ्या अंगाची पातळ. कागदावर चारही नळ्या सारख्या असतात, खोक्यातून निघणाऱ्या चार नळ्या चार भावंडांसारख्या असतात. आता इंजिन म्हणजे अखेर हवेचा पंप. पेट्रोल कितीही ओतता येतं, पण एक ग्रॅम पेट्रोल नीट जाळायला जवळपास पावणेपंधरा ग्रॅम हवा लागते. सहा हजार आरपीएमला पिस्टन खाली जाताना हवा ओढायला किती वेळ मिळतो? सेकंदाचा दोनशेवा भाग. एवढ्या घाईत निघालेल्या हवेच्या वाटेत मी दगड-धोंडे का ठेवू? डाय ग्राइंडर आहे, कार्बाइडचा बर्र आहे, रविवार मोकळा आहे. खर्च म्हणाल तर एक गॅस्केट आणि थोडे एमरी पेपर.

शंकेखोर : बोटाला जे लागतं ते हवेला लागतंच असं नाही. भिंतीला अगदी लागून असलेला हवेचा थर तसाही जवळपास थांबलेला असतो, बाकीची हवा त्याच्या अंगावरून सरकत जाते. तुमचा खरखरीतपणा बहुतांशी त्या थरात बुडालेला असतो. तेव्हा आरशासारखं पॉलिश करून फोटो छान येतो, हवेला त्याचं सोयरसुतक नसतं. उलट कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोलही याच नळीतून जातं. फार गुळगुळीत भिंतीवर त्याची धार धरते, किंचित खडबडीत भिंतीवर ते पुन्हा हवेत उचललं जायला मदत होते. म्हणून जाणकार इनटेकची बाजू साठ-ऐंशी नंबरच्या कागदावर सोडून देतात.

पण माझी मुख्य शंका वेगळी आहे, आणि ती आकड्यांची आहे. हवेची वाट म्हणजे एकट्या मॅनिफोल्डची नळी नव्हे. आधी फिल्टर, मग कार्ब्युरेटर किंवा थ्रॉटल, मग तुमचं मॅनिफोल्ड, मग हेडमधलं पोर्ट, त्यातलं वळण आणि शेवटी व्हॉल्व्ह. यातली सगळ्यात अरुंद जागा बहुतेक वेळा व्हॉल्व्ह आणि त्याच्या सीटपाशी असते. समजा, एकूण अडथळ्यातला दहावा हिस्सा मॅनिफोल्डचा आहे. हा हिस्सा मी उदाहरणापुरता धरतोय. तो जादूने पूर्ण नाहीसा झाला, तरी हवा वाढेल पाच टक्क्यांच्या आसपास, कारण प्रवाह वाढतो तो वर्गमुळाच्या हिशेबाने. आता जादू काही तुमच्याकडे नाही. घासून त्या हिस्स्याचा तिसरा भाग गेला असं उदारपणे धरू. वाढ झाली पावणेदोन टक्के. जुन्या कार्ब्युरेटरवाल्या मारुती ८०० चं ७९६ सीसीचं इंजिन ३७ हॉर्सपॉवर देत असे. तिचं मॅनिफोल्ड रविवारभर घासलंत तर हातात येतो अर्ध्याहून किंचित मोठा घोडा. तोही पूर्ण ॲक्सिलरेटर दाबून इंजिन पार वरच्या आरपीएमला नेलं तर. सिग्नलवर, गल्लीत, ट्रॅफिकमध्ये थ्रॉटल अर्धवट बंदच असतो. तिथे खरा अडथळा तुमच्याच पायाने घातलेला असतो.

इथे एक गल्लत दूर करायला हवी. महाराष्ट्रात ‘पोर्टिंग’ म्हटलं की आधी डोळ्यांसमोर येते ती यामाहाची आरएक्स १००. १९८५ ते १९९६ या काळात बनलेली ही ९८ सीसीची गाडी अकरा हॉर्सपॉवरच्या जोरावर अजून गॅरेजांत पुजली जाते. पण ते इंजिन टू-स्ट्रोक. त्यात पोर्ट म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतल्या खिडक्या, आणि खिडकीची वरची कड एक मिलिमीटर घासली की ती उघडण्या-मिटण्याची वेळच बदलते. म्हणजे तो घासण्याचा नव्हे, घड्याळ बदलण्याचा प्रकार झाला, आणि त्याचा परिणाम पहिल्याच किकला कानावर येतो. फोर-स्ट्रोक गाडीत वेळ ठरवतो कॅमशाफ्ट. मॅनिफोल्ड घासल्याने फक्त वाट बदलते, वेळ नाही. आरएक्सवाल्या मेकॅनिकची ख्याती मारुतीच्या मॅनिफोल्डला लावणं हे या धंद्यातलं सर्वांत जुनं आणि सर्वांत खपाऊ तर्कदोषाचं उदाहरण आहे.

हौशी : तुमचा दहावा हिस्सा तुम्ही धरलेला आहे, मोजलेला नाही, एवढं आधी नोंदवून ठेवतो. आता मोजलेलं सांगतो. १९९९ ची फोर्ड मस्टँग कोब्रा. ४.६ लिटरचं व्ही-आठ इंजिन, बत्तीस व्हॉल्व्ह. आदल्या वर्षीची कोब्रा ३०५ हॉर्सपॉवरची होती, नवी ३२० ची म्हणून विकली. लोकांनी गाड्या शक्ती मोजणाऱ्या डायनोवर चढवल्या, तर ते पंधरा घोडे कुठेच सापडेनात. आधी कंपनीला वाटलं असेल की हौशी लोकांचं हे नेहमीचंच रडगाणं. पण तक्रारी थांबेनात, मासिकांनीही गाड्या मोजल्या. शेवटी ऑगस्ट १९९९ मध्ये फोर्डने विक्री थांबवली आणि विकलेल्या गाड्या परत बोलावल्या. दोष निघाला कुठे? इनटेक मॅनिफोल्डच्या नळ्यांमध्ये! ओतकामाचा जो खडबडीत अवशेष आत राहिला होता तो हवा अडवत होता. कंपनीने मॅनिफोल्ड बदलून दिलं, आतून घासलेलं. म्हणजे जगातल्या एका बलाढ्य गाडी कंपनीने लेखी कबूल केलं की माझं बोट जे सांगतं ते इंजिनालाही कळतं. बोटाने तुमच्या त्या थांबलेल्या थराचं गणित केलं नव्हतं, पण उत्तर बरोबर आलं.

शंकेखोर : कोब्राची गोष्ट खरी आहे, पण तुम्ही ती अर्ध्यावर सोडलीत. फोर्डने फक्त मॅनिफोल्ड बदललं नाही. मागचा एक्झॉस्टही बदलला आणि कॉम्प्युटरचं प्रोग्रॅमिंगही नव्याने केलं. तीन गोष्टी एकदम बदलल्यावर गेलेले घोडे परतले, त्यातले किती मॅनिफोल्डच्या पदरी घालायचे? आणि ‘परतले’ हा शब्द नीट ऐका. ती वाढ नव्हती. कंपनीने जे कबूल केलं होतं ते देण्यासाठी केलेली दुरुस्ती होती ती. तुमच्या हातातलं मॅनिफोल्ड सदोष आहे याचा पुरावा काय? शिवण तर प्रत्येक ओतकामात असते.

दुसरं, त्यांनी घासलं कसं? हातात बर्र धरून नव्हे. ज्याला एक्स्ट्रूड होन म्हणतात त्या पद्धतीत पुटीसारखा घट्ट लगदा, त्यात घर्षणाचे कण घालून, दाबाने नळीतून आरपार ढकलतात. लगदा जिथे जास्त अडतो तिथे जास्त घासतो, जिथे वाट मोकळी आहे तिथे नुसता निघून जातो. कुठे किती घासायचं ते कारागीर ठरवत नाही, वाट स्वतःच ठरवते. फोर्डने हीच युक्ती १९९८ च्या एसव्हीटी कॉन्टूरच्या इनटेकसाठीही वापरली होती. तिचं अडीच लिटरचं व्ही-सहा इंजिन १९५ हॉर्सपॉवरचं होतं, साध्या कॉन्टूरचं १७० चं. पण तिथेही कॅमसकट बरंच काही बदललं होतं. नळीच्या मध्यावर, जिथे ती वळते, तिथे तुमचा बर्र पोचतो का? नाही पोचत. दोन्ही तोंडांकडून दोन-दोन इंच घासून मधला भाग तसाच राहतो. म्हणजे दार रुंद केलं, अंगण सारवलं आणि बोळ होता तेवढाच राहिला.

हौशी : बोळाचा मुद्दा मान्य. पण तुमच्या बोलण्यातून असं वाटतं की ही विद्या मोठ्या कंपन्यांची, आणि गॅरेजवाल्यांनी तिच्या नादी लागू नये. इतिहास उलटा आहे. इंजिनाच्या पोर्टमधून हवा कशी वाहते याच्या मागे इंग्लंडमध्ये ज्यांनी उभी हयात घालवली ते हॅरी वेस्लेक कुठल्या कंपनीचे इंजिनिअर नव्हते, कंपन्या त्यांच्या दारात येत. पुढे मिनी गाडीत बसलेल्या, बीएमसी या ब्रिटिश कंपनीच्या ए-सिरीज इंजिनाच्या हेडमध्ये तो बदामाच्या आकाराचा ज्वलनकक्ष आहे, तो वेस्लेक यांचाच. आणि मिनी पळवली कोणी? विल्टशायरमधल्या डाउन्टन नावाच्या खेड्यातल्या गॅरेजने. डॅनिएल रिचमंड तिथे हेड आणि मॅनिफोल्ड हाताने घासत. काम इतकं सरस की बीएमसीने त्यांनाच सल्लागार म्हणून घेतलं. मिनीने १९६४, १९६५ आणि १९६७ साली माँटे कार्लो रॅली मारली त्या काळातली ही गोष्ट आहे. खेड्यातलं गॅरेज होतं ते, आयआयटी नव्हे.

आणि थोड्याशा घासण्याने काही होत नाही म्हणता, तर मग नियमवाले एवढे घाबरतात का? अमेरिकेत एससीसीए ही हौशी रेसिंगची संघटना आहे. तिच्या २०१४ च्या राष्ट्रीय स्पर्धेत, लगुना सेकाच्या ट्रॅकवर, एकसारख्या मियाटा गाड्यांच्या स्पेक मियाटा गटात पुढे आलेल्या कितीतरी गाड्या शर्यतीनंतर हेड उघडून तपासल्या आणि बाद केल्या. गुन्हा काय, तर पोर्टच्या आतल्या वळणाची कड नियमापेक्षा जास्त मऊ केलेली. नखाएवढी जागा. ज्यांनी ती घासली ते वेडे नव्हते, आणि ज्यांनी त्यांना बाद केलं तेही वेडे नव्हते.

शंकेखोर : वेडं कोणीच नव्हतं, पण तुम्ही दिलेली दोन्ही उदाहरणं बघा. रिचमंडांचं नाव झालं ते हेडवर, मॅनिफोल्ड त्याच्या जोडीला. मियाटावाल्यांनी घासलं ते हेडमधलं वळण, व्हॉल्व्हच्या जरा अलीकडचं. दोघेही त्या अरुंद जागेकडे गेले जिचं मी मघाशी नाव घेतलं. तुम्ही मात्र मॅनिफोल्डकडे जाता, कारण ते चार-सहा नट काढले की सुटतं आणि हेड काढायचं म्हटलं की टायमिंगपासून सगळं खोलावं लागतं. अवघड जागेचं दुखणं राहिलं बाजूला, औषध सोप्या जागेला. अंगणात हरवलेली सुई ओसरीवर शोधायची, कारण ओसरीवर दिवा आहे.

मिनीचंच पुढे नेतो. त्या ए-सिरीजच्या हेडला चार सिलिंडरसाठी इनटेकची पोर्ट दोनच. शेजारच्या दोन सिलिंडरना मिळून एक. आपल्या ॲम्बेसिडरमध्ये वर्षानुवर्षं बसलेलं १४८९ सीसीचं बी-सिरीज इंजिनही तसंच, पाच पोर्टचं. जोडीतलं एक सिलिंडर ओढून होतं न होतं तोच दुसरं ओढायला लागतं, मग पुढचा अर्धा विसावा, आणि दोघांत मिश्रणाची पळवापळवी. हा दोष आराखड्यातला आहे. वाट कितीही गुळगुळीत करा, एका ताटात जेवणारे दोघं राहणारच.

आणि आकार? क्रायस्लरने १९६० साली ३००एफ या गाडीला आडवंतिडवं पसरलेलं मॅनिफोल्ड लावलं, एकेक नळी तीस इंचांची. कारण नळीत हवेच्या लाटा उसळतात. व्हॉल्व्ह मिटला की दाबाची लाट मागे जाते, टोकाशी आपटून परत येते. ती नेमकी पुढच्या वेळी व्हॉल्व्ह उघडताना पोचली तर फुकटचा धक्का मिळतो. लांब नळीत तो धक्का कमी आरपीएमला मिळतो, आखूड नळीत जास्त आरपीएमला. ३७५ हॉर्सपॉवरच्या साध्या आवृत्तीत लांब नळ्या होत्या. ४०० च्या खास आवृत्तीत मॅनिफोल्ड बाहेरून तसंच दिसायचं, फक्त आतली मधली भिंत कापून नळीची खरी लांबी निम्मी केलेली होती. पंचवीस घोडे गुळगुळीतपणातून आले नाहीत, लांबीतून आले, आणि ते खालच्या आरपीएमची ओढ गहाण ठेवून आले. तुम्ही बर्र फिरवताना लांबीला हात लावत नाही, पण रुंदीला लावता. तीस मिलिमीटरची गोल नळी चहूबाजूंनी फक्त दीड मिलिमीटर घासली तर ती तेहेतीसची होते. दीड मिलिमीटर ऐकायला काहीच वाटत नाही. क्षेत्रफळ मात्र एकवीस टक्क्यांनी वाढतं, आणि तेवढीच हवा वाहत असेल तर तिचा वेग सतरा टक्क्यांनी पडतो. वेग पडला की पेट्रोल नीट मिसळत नाही, सिलिंडर भरताना हवेला जी गती असते ती उणावते, आणि घाटात तिसऱ्या गिअरला गाडी पूर्वीसारखी ओढत नाही. मग मालक म्हणतो, ‘वरच्या रेसला काय पळते!’ पळेलही. पण तो वरच्या रेसला असतो किती वेळ?

हौशी : तुम्ही ज्याला झोडपताय तो नवशिक्या आहे. गॅस्केट हेडवर ठेवायचं, त्याच्या भोकाची रेघ मारायची आणि रेघेपर्यंत सगळं उडवायचं, हा प्रकार मीही पाहिलाय. गॅस्केटचं भोक पोर्टपेक्षा मोठंच असतं. तिथवर घासलं की नळीच्या मध्येच एक पोट सुटतं, हवा तिथे मंदावते आणि पुढे पुन्हा आवळली जाते. ते पोर्टिंग नव्हे, ते नुकसान. माझी पद्धत सांगतो. मॅनिफोल्ड आणि हेड दोन्हीवर निळी शाई लावायची, दोन्ही गॅस्केटसकट जोडून दोहोंच्या कडा कुठे चुकतात ते बघायचं. मॅनिफोल्डची कड हेडच्या पोर्टच्या आत डोकावत असेल तर तेवढीच काढायची. मॅनिफोल्ड हेडपेक्षा केसभर लहान राहिलं तरी चालतं, उलट परतून येणारी हवा त्या पायरीवर अडते. हेडपेक्षा मोठं मात्र होता कामा नये, कारण मग जाणारी हवा थेट धारेवर आदळते. ॲल्युमिनियम बर्रमध्ये भरतं म्हणून मधूनमधून मेणबत्ती घासायची. घाई करायची नाही. डोळ्यांवर चष्मा, नाकावर फडकं.

आता माझा खरा मुद्दा, आणि तो तुमच्या अर्ध्या घोड्याच्या हिशेबात येतच नाही. तुम्ही बेरीज मोजताय, मी वाटणी बघतोय. तुमच्या मारुतीला तीन सिलिंडर आहेत, तीन नळ्या आहेत. ओतकामात एक नळी जरा चिंचोळी निघाली, एकीला उंबरठा जास्त, तर तिन्हींना हवा आणि मिश्रण सारखं मिळत नाही. कार्ब्युरेटर एकच. तो सेट करायचा कोणासाठी? ज्याचं मिश्रण सगळ्यात पातळ त्याच्यासाठी, नाहीतर तेच आधी तापणार आणि ठोके मारायला लागणार. म्हणजे एका सिलिंडरच्या आजारासाठी बाकी दोघांना जास्तीचं पेट्रोल पाजायचं. स्पार्क प्लग काढून ओळीने मांडा. एक तपकिरी, एक काळपट, एक भाजलेल्या चुन्यासारखा पांढरा, हे मी स्वतः पाहिलंय. नळ्या एकसारख्या केल्या की तिघांचा रंग जवळ येतो. त्यात एकही घोडा वाढला नाही असं समजा. पण गाडी गुळगुळीत चालते, आयडलिंगला थरथरत नाही, टायमिंग थोडं पुढे घ्यायला वाव मिळतो. तुमच्या वर्गमुळात याला जागा कुठे आहे?

हा मुद्दा आला आणि शंकेखोराचा सूर बदलला. तोवर तो कमाल शक्तीचा एकच आकडा धरून बसला होता, आणि हौशी तरी सुरुवातीला त्याच आकड्याची भाषा बोलत होता. वाटणीचा प्रश्न पुढे आल्यावर वाद ‘वाढतं की नाही’ यावरून ‘सारखं होतं की नाही’ यावर सरकला, आणि पहिल्यापेक्षा जास्त कठीण झाला.

शंकेखोर : याला माझ्याकडे लगेच उत्तर नाही, हे कबूल करतो. वाटणी हा खरा मुद्दा आहे, आणि घासण्याच्या बाजूने आजवर ऐकलेला तोच एक चांगला युक्तिवाद आहे. पण तोच युक्तिवाद तुमच्यावर उलटतो. ओतकामाने तीन नळ्यांत केलेला फरक मोठा की तुमच्या हाताने केलेला? पहिली नळी सकाळी घासलीत, हात ताजा होता. तिसरी संध्याकाळी, मनगट दुखत होतं. बर्र एकदा सटकला की खड्डा पडतो, आणि तो झाकायला आजूबाजूचंही उतरवावं लागतं. नळ्यांत ब्युरेटने पाणी भरून प्रत्येकीचं आकारमान मोजलंत? मोजलं नसेल तर ‘सारखं केलं’ हे विधान तुमच्या मनाचं आहे. इंजेक्शनच्या गाडीत आणखी एक गुंता. काही गाड्यांत आत येणारी हवा थेट मोजली जाते, तिथे हवा वाढली तर पेट्रोलही आपोआप वाढतं. काहींत मॅनिफोल्डमधला दाब बघून हवेचा अंदाज केला जातो आणि तो अंदाज कारखान्यात शिकवलेला असतो. तिथे तुम्ही वाट बदललीत की धडा तोच, पण परीक्षा वेगळी. ऑक्सिजन सेन्सर रोजच्या चालण्यात ते सावरून घेतो, पण पूर्ण ॲक्सिलरेटरवर बऱ्याच गाड्या त्याचं ऐकत नाहीत. आणि नव्या गाड्यांतलं मॅनिफोल्ड बघायला गेलात तर ते काचतंतू मिसळलेल्या नायलॉनचं असतं, आतून आधीच गुळगुळीत. तिथे तुमच्या बर्रला कामच नाही.

धोक्यांची यादी मी वाढवत नाही. तीनच सांगतो. बऱ्याच कार्ब्युरेटरवाल्या मॅनिफोल्डमध्ये गरम पाण्याची वाट असते. भिंत किती जाड ते बाहेरून दिसत नाही, आणि पाण्यात भोक पडलं की मॅनिफोल्ड भंगारात. घासलेल्या तोंडाशी गॅस्केटला बसायला जागा कमी उरली तर हवा चोरून शिरते, मिश्रण पातळ होतं, आणि तुम्ही जो पांढरा प्लग बरा करायला निघालात तो तुम्हीच तयार करता. तिसरं, कडा भरायला इपॉक्सी लावणारे लोक आहेत. तो तुकडा सुटला तर जाणार कुठे? सरळ सिलिंडरमध्ये.

आणि मग ते ‘फरक जाणवतो’. कोणाला जाणवतो? रविवारभर राबलेल्या माणसाला. आत येणारी हवा दहा अंशांनी तापली तर तिची घनता तीन टक्क्यांनी उतरते. तुमच्या घासण्याचा लाभ माझ्या हिशेबाने त्याच्या निम्मा. पहाटेच्या गारव्यात चालवून बघितली तर गाडी नवीच वाटणार. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरला गेलात तर हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा सुमारे पंधरा टक्क्यांनी कमी. तिथे जगातलं सर्वोत्तम मॅनिफोल्डही कोकणातल्या तुमच्या जुन्या मॅनिफोल्डपुढे हरेल. एवढ्या मोठ्या चढउतारांत पावणेदोन टक्के ओळखणारं बूड अजून जन्माला आलेलं नाही.

कायद्याचा विषय दोघांनी चटकन उरकला. शंकेखोराने २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेल्या १८२अ कलमाची आठवण करून दिली : परवानगीशिवाय गाडीत बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. हौशीचं म्हणणं, आरसी बुकात लिहिलेली इंजिनाची क्षमता घासल्याने एक सीसीनेही बदलत नाही, आणि गुळगुळीत केलेली शिवण हा ‘बदल’ की ‘देखभाल’ याचा निवाडा आरटीओच्या अंगणात व्हायचा नाही. शंकेखोर म्हणाला की तो निवाडा आपल्या गाडीवर व्हावा असं त्याला वाटत नाही. विषय तिथेच राहिला. दोघांपैकी कोणीही पीयूसीचं नाव काढलं नाही, हे मात्र नोंदवायला हवं.

हौशी : मोजत नाही हा आरोप बरोबर आहे, पण मोजणं अशक्य आहे असं तुम्ही म्हणू नका. व्यावसायिक फ्लो बेंच परवडत नाही, कबूल. तिच्यावर अठ्ठावीस इंच पाण्याइतका दाब धरून किती हवा जाते ते बघतात. घरी तेवढा दाब लागत नाही. जुन्या व्हॅक्यूम क्लीनरची मोटर, प्लायवुडची पेटी, ठराविक भोकाची एक पत्र्याची चकती आणि यू आकारात वाकवलेली पारदर्शक नळी, तिच्यात रंगीत पाणी. मला निरपेक्ष आकडा नकोच आहे. एकाच दिवशी, एकाच दाबाला, पहिली नळी किती जाऊ देते आणि तिसरी किती, एवढंच हवं. हेड बोल्ट करून, व्हॉल्व्ह ठराविक उंचीवर उघडा धरून मोजलं तर तुमचा तो दहावा हिस्साही पडताळता येईल. मॅनिफोल्डशिवाय एक माप, मॅनिफोल्डसह एक माप, दोहोंतला फरक म्हणजे मॅनिफोल्डचा हिस्सा. तो दोन टक्के निघाला तर मी बर्र खाली ठेवतो. वीस निघाला तर तुम्ही काय कराल?

शंकेखोर : मी पेटी बनवायला येईन. पण तेव्हाही एक खटकत राहीलच. व्हॅक्यूम क्लीनर हवा सतत ओढतो, इंजिन झटके देत ओढतं. ३००एफच्या नळ्यांतल्या लाटा तुमच्या पाण्याच्या नळीत दिसणार नाहीत. पेटीवर जी नळी श्रेष्ठ ठरेल ती गाडीत श्रेष्ठ ठरेलच असं नाही. म्हणून पेटीनंतर डायनोही हवा, आणि डायनोवर तीन फेऱ्या : जुनं मॅनिफोल्ड, घासलेलं मॅनिफोल्ड, आणि पुन्हा जुनं. तिसरी फेरी कोणी करत नाही, कारण पैसे संपलेले असतात आणि मन भरलेलं असतं. पण पहिल्या आणि तिसऱ्या फेरीत जेवढा फरक निघेल त्याहून लहान लाभ मी मानणार नाही.

हौशी : तिन्ही फेऱ्या करू. पण प्लगचे रंगही पुराव्यात धरायचे.

शंकेखोर : रंग म्हणजे पुरावा नव्हे, साक्षीदार. ऐकून घेऊ. मात्र जुनं मॅनिफोल्ड तिसऱ्या फेरीला शाबूत हवं, म्हणजे गाडीवरचं घासायचं नाही. दुसरं कुठून तरी पैदा करा.

हौशी : जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो.